सेफ्टी काढलेली न्हाय ना?

संचिता मांडवकर आमच्या कारखान्यात आली त्या पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं, "चहा झाला नाही ना अजून?" ती म्हणाली, "हो." मी म्हटलं, झाला तर झाला, आणि कॅन्टीनवाल्याला एकच कप सांगितला. ती समोर बसून माझ्या कपाकडे बघत राहिली. दुपारी कळलं की तिच्या "हो"चा अर्थ "हो, नाही झाला" असा होता.

आमच्या खारीगावात असं उत्तर कोणी देत नाही. तिथे "जेवण झालेलं न्हाय ना?" असं विचारलं आणि माणूस उपाशी असला, तर तो "न्हाय" म्हणतो. पोट भरलेलं असलं तर "हाय" म्हणतो. यात डोकं खाजवण्यासारखं काही नाही. संचिताचे आईवडील रत्नागिरीकडचे, ती वाढली मीरा रोडला, शिकली इंग्रजीतून. कुठल्या वळणाने तिचं "हो" असं उलटं झालं देव जाणे. तो चहा मात्र माझ्या चांगला लक्षात राहिला, आणि पुढची सगळी भानगड त्यामुळेच झाली.

आमचा कारखाना भाईंदर पूर्वेला, इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. स्टीलची भांडी बनतात. पत्र्याच्या गोल चकत्या कापायच्या, प्रेसखाली घालून त्यांचे टोप, डबे, पराती करायच्या, पॉलिश मारून खोक्यात भरायच्या. कुठल्या प्रेसवर आज काय बनणार हे एक प्रोग्राम ठरवतो. तो चिठ्ठी छापतो, आणि चिठ्ठी हातात आल्याशिवाय कोणी मशीनला हात लावत नाही. हा प्रोग्राम मी लिहिला, मी, योगेंद्र पाटील, बावीस वर्षांपूर्वी, व्हीबी सिक्समध्ये. तेव्हा ती भाषा येणारा माणूस भाईंदरच्या दोन्ही बाजू धुंडाळून सापडला नसता. शेठ मला पाहुण्यांना दाखवायचे. "ये अपना योगेंद्र, कॉम्प्युटर इसकी सुनता है."

आता ती भाषा म्हातारी झाली. माझा प्रोग्राम ज्या जुन्या विंडोजवर चालायचा, तसा कॉम्प्युटर भंगारवाल्याकडेही मिळेनासा झाला. दोन होते, त्यातला एक गणपतीत गेला. मग शेठनी एका कंपनीला काम दिलं आणि कंपनीने संचिताला पाठवलं. सत्तावीस वर्षांची पोरगी. माझा सगळा प्रोग्राम उचलून नव्या प्लॅटफॉर्मवर न्यायचा, चार महिन्यांत.

मी जळलो. आडून आडून सांगण्यात अर्थ नाही, मी सरळ जळलो. तिला एसीखालची खुर्ची मिळाली तेव्हा जळलो. ती कीबोर्डकडे न बघता टाइप करायची, ते बघून जळलो. तिने माझा कोड उघडून "वा, काका, किती नीट लिहिलंय" म्हटलं तेव्हा तर अंगाचा तिळपापड झाला. सर म्हणाली असती तर एक वेळ चाललं असतं. काका! आणि प्रेसवरची माणसं, ज्यांना मी कॉम्प्युटरचं क शिकवलं, ती दुसऱ्या आठवड्यात तिला मॅडम म्हणायला लागली. मला मात्र बावीस वर्षं "ओ भाऊ"च्या वर कोणी चढवलं नव्हतं.

पण खरं दुखणं दशरथचं होतं. दशरथ आमच्याकडचा फिटर. प्रेसचे साचे बदलतो, बिघाड काढतो. तो आणि मी एकाच आळीतले, आमच्या आजोबांची मिठागरं शेजारी शेजारी होती. बावीस वर्षं आम्ही दोघं माल चढवायच्या ओट्यावर बसून एकत्र जेवतोय. मी डबा घेऊन आलो की विचारायचं, "जेवण झालेलं न्हाय ना?" आणि त्याने "न्हाय" म्हणून सरकून जागा करायची. त्याच्या बायकोच्या हातचं खाडीतल्या निवट्यांचं, म्हणजे चिखलातल्या माशांचं, कालवण वर्षातून दोनदा माझ्या वाट्याला येतं, ते मी कोणाला चव घ्यायलाही देत नाही. आणि एके दिवशी बघतो तर हा बाबा ते कालवण वेगळ्या डब्यात भरून संचितासाठी घेऊन आलेला. ती बोटं चाटून खात होती.

"पोरगी हुशार हाय रं," दशरथ मला म्हणाला. "मशीनवर काय काय व्हतं ते समदं विचारते. तू कंदी विचारलं न्हाय."

मला कालवण गोड लागलं नाही. त्या दिवशी मी दशरथशी नीट बोललोही नाही.

तर, कोड वाचता वाचता संचिता त्या एका ओळीपाशी आली. माझ्या प्रोग्राममध्ये रोज सकाळी प्रत्येक प्रेससाठी एक प्रश्न पडद्यावर येतो: "सेफ्टी काढलेली न्हाय ना?" उत्तराला दोनच बटणं, न्हायला N आणि हायला H. त्या प्रश्नाच्या वर मी रोमन अक्षरांत एक टीप लिहून ठेवली होती: "सदू विचारतो तसं."

"काका, हे SADU काय आहे?" तिने विचारलं. "कशाचा शॉर्टफॉर्म?"

मी म्हटलं, "असेल कशाचा तरी." तिने टीप पुसून टाकली.

सदू कोण ते तिला सांगायला दोन मिनिटं लागली असती. सदू आमचा जुना सुपरवायझर, तोही खारीचाच. प्रेसला सेफ्टी असते, म्हणजे दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय ती खाली येत नाही. हात बटणावर, म्हणून हात वाचतात. पण साचा बसवताना फिटरला सेफ्टी काढावी लागते आणि प्रेस पायाच्या पेडलवर चालवावी लागते. ती परत लावायची राहिली तर बाहेरून काही दिसत नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी अशीच राहिली होती आणि दशरथच्या उजव्या हाताचं मधलं बोट गेलं. तेव्हा तो फिटर नव्हता, प्रेसवरच बसायचा. त्या दिवसापासून सदू रोज सकाळी प्रेसमागून प्रेस हिंडायचा आणि फिटरला विचारायचा, "सेफ्टी काढलेली न्हाय ना?" फिटर "न्हाय" म्हणाला की काम सुरू. "हाय" म्हणाला की ती प्रेस बंद. सदूचे गुडघे गेले तेव्हा शेठ म्हणाले, ये कॉम्प्युटर में डाल दो. मी सदूचे शब्द जसेच्या तसे टाकले. सदू पुढे वारला, पण रोज सकाळी तो पडद्यावर विचारतच होता.

गुरुवारी शेठच्या केबिनमध्ये संचिताने नवा प्रोग्राम मोठ्या पडद्यावर दाखवला. शेठ, सुपरवायझर, मी, सगळे होतो. आता प्रत्येक प्रेसवर एक टॅब्लेट, त्याच्या बाजूला चिठ्ठीचा छोटा प्रिंटर. रंग, आकडे, सगळं चकाचक. मग ती म्हणाली, "जुन्या प्रोग्राममध्ये एक मोठा बग सापडला. बघा, प्रश्न आहे, सेफ्टी काढलेली नाही ना? नीट असेल तर माणूस म्हणणार हो. आणि इथे कंडिशन उलटी आहे. नाही म्हटलं की चिठ्ठी छापतो, हो म्हटलं की थांबवतो. बावीस वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. मी ते सरळ केलंय."

शेठ हसायला लागले. "बावीस साल उल्टा चला! योगेंद्र, क्या रे?"

सुपरवायझरही हसला. संचिता एकटी हसत नव्हती. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "काका, तुमचे शब्द मी तसेच ठेवलेत, फक्त न्हायचं नाही आणि हायचं हो केलं. बाकी बरोबर आहे ना?"

मला तो चहा आठवला. तिथल्या तिथे, त्या खुर्चीत बसल्या बसल्या, सगळं डोळ्यांपुढे आलं. तिचं "हो" म्हणजे काय आणि दशरथचं "हाय" म्हणजे काय, हे त्या केबिनमध्ये फक्त मला माहीत होतं. सोमवारी दशरथ प्रत्येक मशीनवर "नाही" दाबेल, प्रत्येक मशीन अडून बसेल आणि शेठचं हसू जागच्या जागी सुकेल, हे मला दिसलं. आणि फार गोड वाटलं.

"तू म्हणतेस तर असेल," मी म्हणालो.

रविवारी दुपारी सुगंधा, माझी बायको, म्हणाली, "चार महिन्यांत पहिल्यांदा शीळ घालताय. ती मुलगी जातेय का?"

"उद्या तिचा प्रोग्राम चालू होतोय."

"मग त्यात तुम्हाला कसला आनंद?"

मी विषय बदलला. फोन माझ्या हातात होता आणि त्यात संचिताचा नंबर होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी क्रिकेट लावलं. मशीन अडेल एवढाच माझा हिशेब होता, अडलेल्या मशीनने कोणाचं काय बिघडतं? उलट बाजूचा विचार मी केला नाही. खरं सांगायचं तर तो विचार दाराशी आला होता, मी त्याला आत घेतलं नाही.

सोमवारी मी अर्धा तास लवकर गेलो आणि मधल्या खांबाला टेकून उभा राहिलो. त्याच खांबावर पूर्ण शेडचा लाल मेन स्विच आहे. तिथून सगळ्या अठरा प्रेस दिसतात.

दशरथने सुरुवात सात नंबरपासून केली. शनिवारी तिथे साचा बदलताना सेफ्टीचा एक भाग तुटला होता, नवा यायचा होता, म्हणून सेफ्टी काढून ठेवलेली. हे मला नंतर कळलं. लांबून मी एवढंच पाहिलं की तो टॅब्लेटपुढे वाकला, ओठ हलवत प्रश्न वाचला, बोट टेकवलं आणि लगेच आठ नंबरकडे निघाला. चिठ्ठीसाठी थांबला नाही. बंद मशीनची चिठ्ठी येतच नाही, थांबायचं कशाला?

आठ नंबरला त्याने बोट टेकवलं आणि पडदा लाल झाला. नऊ नंबर लाल. दहा लाल. टॅब्लेट किंचाळायला लागले.

"ओ मॅडम," दशरथ ओरडला, "ह्याला काय झालं? न्हाय म्हनतो तरी ऐकत न्हाय."

संचिता धावत आली. केस नीट बांधलेले नव्हते, बहुतेक झोपलीच नसावी. "दशरथकाका, हो दाबा. हो म्हणजे ओके."

"हो कसं दाबू? काढलेली न्हाय मी."

"तेच ना, काढलेली नाही, म्हणून हो."

"न्हाय तर न्हाय म्हननार ना मी!"

भोवती माणसं जमली. कोणी हसलं. संचिताचा चेहरा उतरला, आणि मी तो उतरताना बघत होतो. एकही क्षण चुकवला नाही. गोंधळ ऐकून शेठ जिना उतरून आले. लाल पडदे बघितले, खोळंबलेली माणसं बघितली, आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "पुराना वाला ही..."

तेवढ्यात माझ्या मागे प्रेसचा ठोका पडला.

मी वळून पाहिलं. सात नंबरच्या प्रिंटरमधून चिठ्ठी बाहेर लोंबत होती, टॅब्लेट हिरवागार होता, आणि हरिश्चंद्र मशीनवर बसला होता. रायगडकडचा शांत माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. चिठ्ठी आली म्हणून त्याने काम सुरू केलं. सेफ्टी असली की पेडल निकामी असतं, म्हणून सगळेच त्याच्यावर निवांत पाय टेकून बसतात. तोही बसला होता. तो पहिला ठोका कसा पडला हे त्याला कळलं नव्हतं. वाकडी दबलेली चकती काढायला त्याने हात आत घातला.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं की दशरथने सेफ्टी काढलेली "हाय" म्हणून "हो" दाबलंय, आणि टॅब्लेटने त्याचा अर्थ सगळं ठीक असा घेतलाय. मेन स्विच माझ्या कोपराशी होता. आणि तरी मी एक श्वासभर थांबलो, कारण शेठचं वाक्य पूर्ण व्हायचं होतं.

"...अच्छा था," शेठ म्हणाले.

चार महिने मी या दोन शब्दांची वाट बघत होतो. ते कानात पडले आणि मग मी स्विच खाली ओढला.

सगळी शेड गप्प झाली. पंखे फिरत फिरत थांबले. सात नंबरची प्रेस निम्मी खाली येऊन अडकली होती आणि तिच्याखाली हरिश्चंद्रचा हात मनगटापर्यंत आत होता. त्याने हात हळूच बाहेर काढला, उलटसुलट करून पाहिला आणि मग खाली जमिनीवरच बसला. पाचही बोटं होती. दशरथ त्याच्याजवळ आधी पोचला. त्याने हरिश्चंद्रचा हात आपल्या चार बोटांच्या हातात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग माझं कौतुक सुरू झालं. शेठनी मला मिठी मारली. "योगेंद्र ने बचाया, देखा?" सुपरवायझरने माझ्यासाठी खुर्ची आणली. मला चहा आला, दोनदा. गेलेला मान सगळा एका सकाळीत परत आला, आणि मला त्या खुर्चीत बसवेना.

संचिता चकत्यांच्या ढिगाजवळ लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. पोरगी हुशार होती हे दशरथने आधीच सांगितलं होतं. दशरथला तिने दोन प्रश्न विचारले, मग जुना कोड उघडला, मग नुसती बघत राहिली. ती माझ्याकडे आली तेव्हा डोळे लाल होते.

"तुमची कंडिशन बरोबर होती, काका. बग नव्हताच. मीच उलटं केलं." तिने नाक पुसलं. "आता प्रश्नच बदलते. सेफ्टी चालू आहे का, असं सरळ विचारते. पण काका, गुरुवारी मी केबिनमध्ये दाखवलं, तेव्हा तुमच्याही लक्षात आलं नव्हतं ना?"

दशरथ तिच्या मागेच उभा होता. तोही माझ्या तोंडाकडे बघत होता.

मला "नाही" म्हणता आलं असतं. ते दशरथच्या भाषेत खोटं ठरलं असतं, आणि तिच्या भाषेत खरं. तिला खरं सांगायची छाती नव्हती. मग मी तो शब्द निवडला, जो तिने पहिल्या दिवशी मला शिकवला होता.

"हो," मी म्हणालो.

संचिताने सुस्कारा टाकला. "मला तेच वाटलं. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही बोलला असतात." तिने माझा हात एकदा घट्ट दाबला आणि ती कामाला गेली. तिच्या मनात माझ्याबद्दल किंतु राहिला नाही.

दशरथ जागचा हलला नाही. तो खारीचा माणूस, त्याच्या लेखी "हो" म्हणजे लक्षात आलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खांबावरच्या स्विचकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. हातातला पाना पुसत तो सात नंबरकडे गेला.

दहा मिनिटांत नवा प्रश्न सगळ्या टॅब्लेटवर आला. बावीस वर्षं रोज सकाळी विचारणारा सदू तेवढ्यात गेला. सात नंबरचा तुटलेला भाग आला की अठराच्या अठरा प्रेस सुरळीत चालणार, हे दुपारीच दिसत होतं. प्रोग्राम चांगला होता. माझ्यापेक्षा चांगला होता.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन ओट्यावर गेलो. दशरथ बसलेला होता, डबा मांडीवर. झाकण लावलेलं, वरचं फडकं सकाळी घरी बांधलेलं तसंच गाठीत.

मी रोजच्यासारखं विचारलं, "जेवण झालेलं न्हाय ना?"

दशरथने डबा उचलला. चांगला जड होता, त्याच्या मनगटावरून कळत होतं.

"हाय," तो म्हणाला, आणि उठून गेला.